कॅलिफोर्नियाच्या मतदाराने अभ्यासाला कसं बसावं

आधी जेवणाचं टेबल रिकामं करावं. मतपत्रिका टपालाने घरीच येते, त्यामुळे केंद्रावरच्या रांगेचं निमित्त चालत नाही. राज्याची माहितीपुस्तिकाही येते. नोव्हेंबर २०१६ मध्ये ती २२४ पानांची होती. फाशी रद्द करावी का इथपासून प्रौढ चित्रपटांतल्या कलाकारांनी कंडोम वापरावा का इथपर्यंत १७ प्रस्तावांचा निकाल जनतेने लावायचा होता. पुस्तिका हिंदीतही मिळते, मराठीत नाही. सनीव्हेलच्या मराठी आजोबांनी हिंदीवर भागवावं.

वाचता वाचता कुणाला तरी शिव्या घालाव्याशा वाटल्या, तर गव्हर्नर हायरम जॉन्सन यांचं नाव हाताशी ठेवावं. सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या मुठीतून राज्य सोडवायला त्यांनी १९११ मध्ये कायदे करण्याचा अधिकार थेट मतदारांना मिळवून दिला. रेल्वेचा जोर ओसरला आणि ही सोय इतर कंपन्यांच्या ध्यानात आली.

प्रस्तावाच्या नावावरून मत ठरवणं हे बाळबोध मतदाराचं लक्षण. २०२४ चा प्रस्ताव ३४, तिथल्या भाषेत प्रॉप ३४, घ्यावा. वरवर पाहता औषधांतून मिळणारा पैसा रुग्णांवरच खर्च व्हावा, अशी सज्जन मागणी. नाही कोण म्हणेल? अभ्यासूने मात्र बारीक अक्षर वाचावं. नियम कुणाला लागू? ज्या आरोग्यसंस्थेने दहा वर्षांत दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम थेट रुग्णसेवेबाहेर खर्च केली, शिवाय जी राहत्या इमारतीही चालवते आणि त्या इमारतींत किमान ५०० गंभीर त्रुटी नोंदल्या गेल्या आहेत, तिला. असं स्थळ पंचक्रोशीत एकच निघतं: एड्स हेल्थकेअर फाउंडेशन. भाडेनियंत्रणाचा प्रस्ताव या संस्थेने तिसऱ्यांदा आणला होता, प्रॉप ३३ म्हणून. आणि ३४ साठी पैसे कुणी ओतले? घरमालकांच्या कॅलिफोर्निया अपार्टमेंट असोसिएशनने. ३३ पडला, ३४ निसटता पास झाला. रुग्णांचा कळवळा घरमालकांना एवढा असेल, हे कुणाला ठाऊक होतं!

म्हणून आधी राज्याच्या संकेतस्थळावर देणगीदारांची यादी उघडावी, पुस्तिकेतले युक्तिवाद मागाहून. युक्तिवाद ठळक मोठ्या अक्षरांत ओरडतात; देणगीदारांची नावं आवाज चढवत नाहीत.

मग 'हो' म्हणजे काय, हे तपासावं. विधिमंडळाने केलेल्या कायद्याविरुद्ध सह्या गोळा करून तो मतदारांपुढे आणला असेल, तर 'हो' म्हणजे कायदा राहू द्या, 'नाही' म्हणजे उडवा. प्लास्टिकच्या पिशव्यांवरची बंदी २०१६ मध्ये अशीच प्रॉप ६७ होऊन आली. सह्यांचा खर्च पिशवीवाल्यांनी केला आणि प्रचार 'नाही'चा केला. त्याच मंडळींनी शेजारी प्रॉप ६५ ठेवला: दुकानदाराने पिशवीमागे घेतलेले पैसे त्याने ठेवू नयेत, पर्यावरणाच्या निधीत टाकावेत. पिशव्या विकणाऱ्यांचं हे पर्यावरणप्रेम मतदारांच्या पचनी पडलं नाही. ६७ पास, ६५ नापास.

आता चुकलं तर पुढे दुरुस्त करू, अशी समजूत असल्यास प्रॉप २२ वाचावा. उबर, लिफ्ट, डोअरडॅश वगैरेंनी २०२० मध्ये त्यावर वीस कोटी डॉलरहून अधिक खर्च करून आपले चालक कर्मचारी ठरणार नाहीत याची सोय केली. विधिमंडळाला त्यात बदल करायचा तर आठात सात सदस्यांचा होकार हवा, अशी अटही आत घालून ठेवली.

एवढं वाचून झाल्यावर शाई भरावी, पाकीट बंद करावं आणि पाकिटावर सही करावी. अभ्यासाच्या भरात हीच राहते. मग काउंटी कार्यालयाकडून विचारणा येते.