सव्वाकाका

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत त्यांना पाठीमागे सगळे सव्वाकाका म्हणतात. तुम्ही शेर टाकलात की त्यांचा सव्वाशेर तयार. तोंडावर अर्थात नुसतं काका.

काकांची खरी कला भावात दिसते. तुम्ही आंब्याची पेटी घेऊन लिफ्टमध्ये शिरलात की ते विचारणार, "कितीला पडली?" स्वतःचा भाव आधी सांगायचा नाही, हा त्यांचा नेम. तुम्हाला स्वस्ताची ऐट आहे की महागाची, हे अजून कळलेलं नसतं ना! "घासाघीस करून बाराशेला दिली" म्हणालात, की काकांना तीच हजाराला, वर दोन आंबे जास्तीचे. "महाग पडली, पण अस्सल देवगड आहे" म्हणालात, की काकांकडे दोन हजारांची येऊन संपलीसुद्धा. तुमची मान कुठल्या शब्दावर ताठ होते, तेवढं ते बघून ठेवतात.

सुखात वरचढ असणारे पुष्कळ भेटतात. काका आजारपणातही कुणाला पुढे जाऊ देत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा अँजिओप्लास्टी करून घरी आले, तेव्हा बाकीचे शहाळी घेऊन गेले. काका स्वतःची फाइल घेऊन गेले. "एकच स्टेंट? मला दोन आहेत. डॉक्टर म्हणाले, एवढं ब्लॉकेज घेऊन तुम्ही जिने चढत होतात?" थोड्या वेळानं उशीला टेकलेले आजोबाच काकांना जपून राहायला सांगत होते. साखरेचंही तेच. "जेवणानंतर दोनशे चाळीस? अहो, एवढी तर माझी उपाशीपोटी असायची."

२६ जुलै २००५चं तर विचारूच नका. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. आमच्यातले बरेचजण अंधेरी-गोरेगावहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आले. हा विषय निघाला की काका थेट चर्चगेटहून निघतात, आणि तिथंच पाणी छातीला लागलेलं असतं. एकदा पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांनी शांतपणे सांगितलं, की कुलाब्याच्या वेधशाळेत त्या दिवशी जेमतेम ७३ मिलिमीटरची नोंद आहे.

"तेच म्हणतोय मी! एवढ्याशा पावसात छातीपर्यंत. तुमच्याकडे निदान पाऊस तरी होता."

चहाचा ट्रे ठेवता ठेवता काकू म्हणाल्या, "त्या दिवशी तुमची रजा होती ना हो?" काकांनी बिस्किटांची बशी मास्तरांपुढे सरकवली.

इंग्रजीत या विद्येवर चक्क पुस्तक आहे: स्टीफन पॉटरचं 'वन-अपमनशिप', १९५२चं. त्यातली मंडळी समोरच्याला अगदी सभ्यपणे, हळूच खजील करतात. काकांना तेवढी सवड नसते. तरी मी मुद्दाम त्यांच्या कानावर घातलं. "बावन्न? आमच्या वडिलांचं हे अठ्ठेचाळीसपासून चाललं होतं." मी म्हटलं, पॉटरचं त्याआधीचं 'गेम्समनशिप' सत्तेचाळीसचं आहे. वडील तडक सेहेचाळीसला जाऊन बसले.

काकांना वैतागून कट्ट्यावरून उठून जाणारे आहेत. मी त्यांतला नाही. प्रत्येक सोसायटीत असा एक माणूस हवाच, निदान भाद्रपदात तरी. यंदा मंडपाचं भाडं वाढलंय, मूर्तीही महागली आहे. तेव्हा मंडळाच्या पोरांना एवढंच सांगणं: वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन आधी पाचव्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे जा, आकडा ठळक अक्षरांत लिहून घ्या, आणि मगच काकांची बेल वाजवा.