बोटाला मिळालेले ९८ टक्के

शाळेत मला कधी ९८ टक्के मिळाले नाहीत. मिळाले ते साठी उलटल्यावर, आणि तेही बोटाला. करोनाच्या दिवसांत घरोघरी आलेला तो ऑक्सिमीटरचा चिमटा आमच्या औषधांच्या डब्यात अजून आहे. "जरा चालायला जात जा, डोक्याला प्राणवायू मिळेल," असं ही म्हणाली, की मी चिमटा लावून आकडा दाखवायचो. शिवाय माझ्यापाशी पाठ केलेलं विज्ञान होतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायूत त्याचा वाटा सुमारे २० टक्के! तेव्हा सोसायटीचा खजिनदार या नात्याने खुर्चीत बसून मी जो विचार करतो, तोच माझा व्यायाम.

या सिद्धान्ताला सुरुंग लावला डॉक्टर भाच्याने. "मामा, तू विचार कर नाहीतर करू नकोस, मेंदू तेवढा प्राणवायू घेतोच. डोकं खाजवून हिशेब केलास तर किंचित भर पडते, इतकंच." म्हणजे ताळेबंद जुळवणारा मी आणि मालिका बघणारी ही, दोघांच्या डोक्यांचा खर्च जवळपास सारखाच. हे त्याने हिच्यासमोर बोलायला नको होतं. पुढच्याच रविवारी मी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढत होतो.

चढ सुमारे ६०० मीटरचा. सुरुवातीला मी भाच्याच्या मुलांना तानाजींची लढाई रंगवून सांगत होतो. पहिला दम लागला तेव्हा १६७० हे साल आठवेना. दुसरा लागला तेव्हा मुलांची नावं.

वाटेत एका मावशींच्या टोपलीपाशी सगळे टेकलो. पाच ताक, तीन सरबतं, दोन काकड्या. मी पाचशेची नोट काढली.

"दोनशे चाळीस झाले," म्हणत मावशींनी दोनशे साठ परत दिले.

हिशेब तपासणं हा माझा हक्कच. मी धापा टाकत गरजलो, "दोनशे चाळीस झाले ना? मग दोनशे चाळीसच परत द्या!"

मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "काका, वीस रुपये कमी घ्यायला भांडताय व्हय? आधी बसा."

मी बसलो आणि तातडीने चिमटा बोटाला लावला. प्राणवायू संपला असणार, याची खात्री होती. आकडा आला ९६! म्हणजे रक्त निर्दोष आणि मालक ठार.

भाचा म्हणाला, "दोष प्राणवायूचा नाही, तुझ्या धापांचा आहे." बेताच्या श्रमात मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो. पण श्रम झेपेनासे झाले, की माणूस जोरजोराने श्वास टाकतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, आणि तो कमी झाला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. टाकी काठोकाठ भरलेली आणि चौथ्या मजल्याचा नळ बारीक, अशातली गत. त्यात जे लक्ष हिशेबाकडे हवं, ते पाय आणि छाती आपल्याकडे ओढून घेतात.

ही हद्द प्रत्येकाची वेगळी. कसलेल्या माणसाच्या बोटाला काही ११० टक्के मिळत नाहीत. त्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, म्हणून त्याच चढावर त्याला धाप उशिरा लागते. मावशी रोज डोक्यावर ताकाचा हंडा घेऊन तीच वाट चढतात. माझी हद्द पायथ्याशी संपली होती. मावशींची सुरूच झाली नव्हती.

"वय झालं आता," हा शेवटचा बुरूजही भाच्याने पाडला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२० वयस्क माणसं होती. त्यातली निम्मी वर्षभर आठवड्यातून तीनदा भरभर चालली, दर वेळच्या ४० मिनिटांपर्यंत पोचली. स्मरणाचं काम करणारा त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते हातपाय ताणणाऱ्या बाकीच्यांचा उलट आक्रसला. या बातमीचा घरी काय परिणाम झाला ते सांगत नाही. नवे बूट आलेत.

मात्र अनुभव वाया जाऊ द्यायचा नाही, हा खजिनदाराचा धर्म. आमची वार्षिक सभा गच्चीवर भरते आणि लिफ्ट नेमकी बंद होती. मी धापा आवरत ठराव मांडला : खजिनदार बसल्यावर निदान दहा मिनिटं त्याला हिशेबाचा प्रश्न विचारू नये. एरवी चहाच्या बिलावरून तासभर भांडणाऱ्या सभेने तो एकमताने मंजूर केला. सगळेच जिन्याने आले होते.