दह्याच्या वाटीतली भानगड

"काकू, ऐकलंत का? आमचं दही पुन्हा आंबटढाण. सासूबाई म्हणतात, सुनेच्या हाताला गुण नाही."

"हाताचं काय घेऊन बसलीस! आमची भाची मायक्रोबायोलॉजी शिकते, तिनं खरी बातमी सांगितली. ये इकडे, कंपाउंडपाशी. तुझ्या वाटीत जिवाणूंची दोन बिऱ्हाडं आहेत. एक स्ट्रेप्टोकोकस, दुसरा लॅक्टोबॅसिलस. कोमट दुधावर आधी ताव मारतो तो स्ट्रेप्टोकोकस. साखर खायची नि आम्ल टाकायचं. दुधाचा पीएच असतो 6.6 च्या आसपास, तो 4.6 पर्यंत उतरला की दही लागलं म्हणायचं. पण तोवर ह्याचाच दम संपत येतो. स्वतःची घाण स्वतःलाच बाधते!"

"असे आपल्या गल्लीतही आहेत."

"हळू बोल, खिडकी उघडी आहे त्यांची. तर हा तसा चतुर हं. दुधातला युरिया फोडून अमोनिया करतो, आंबटपणा तेवढाच मारला जातो."

"अगबाई, युरिया? म्हणजे दूधवाला भेसळ..."

"नाही गं, गाईम्हशीच्या दुधात थोडा असतोच. पण खरा मुरलेला तो लॅक्टोबॅसिलस. आम्ल पेशीत झिरपतं, ते उपसायला अंगातच पंप. पावसाळ्यात तळघरात मोटार लावतात ना, तसा. पंप दोघांकडेही आहे, पण ह्याचा भर आंबटात चालतो. फुकट मात्र नाही. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळावं लागतं, सगळी कमाई उपसण्यात जाते, वाढायला उरत नाही काही."

"तरी मरत नाही मेला?"

"सवय होते! आंबटपणा हळूहळू चढला की पेशीचा पडदा बदलून घेतो, बिघडलेली प्रथिनं सावरणारी वेगळी प्रथिनं तयार ठेवतो. तेच एकदम अंगावर आम्ल ओतलं तर बरेच गारद होतात. म्हणून म्हणते, जुनं विरजण लावू नकोस. त्यात हेच निगरगट्ट उरलेले. ताजं घे, आणि दही लागल्याबरोबर फ्रीजमध्ये टाक. तिथंही त्याचे उद्योग चालूच राहतात, पण सावकाश."

"आणि आजच्या ह्या आंबटाचं काय करू?"

"डाळीचं पीठ लावून कढी कर. उकळी फुटली की दोघांचेही पंप बंद."