पीएसआय साहेब

बे एरियातल्या मराठी घरांत त्यांना सगळे 'पीएसआय साहेब' म्हणतात. साताऱ्याहून नुकत्याच आलेल्या कुणाच्या तरी सासूबाई हे ऐकतात, पदर सावरतात आणि हळूच विचारतात, "कुठल्या ठाण्याला होते हो?" मग कुणीतरी समजावतं, की गृहस्थ सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि पीएसआय म्हणजे टायरमधली हवा मोजायचं माप. तोवर साहेब स्वतःच शेजारची खुर्ची ओढून बसलेले असतात. "काकू, तिकडे धाकट्याच्या गाडीत हवा किती ठेवतात?" काकूंना ठाऊक नसतं. साहेब मान हलवतात. हे कुटुंब अजून घाट चढतंय कसं, याचं त्यांना नवल वाटतं.

तुमच्याही मंडळात ते आहेतच. गणपतीच्या दिवशी हॉलबाहेर टेस्ला-टोयोटांच्या रांगेत एक जीप रँग्लर हातभर उंच उभी असते. दारापर्यंत वाळलेला चिखल. हा चिखल शनिवारचा, आणि सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार लोकांनी पाहिल्याशिवाय तो धुवायचा नसतो. काचेमागे गणपती, त्याच्या दोन्ही बाजूंना रबरी बदकांची रांग. अनोळखी जीपवर बदक ठेवून जायची ही रीत २०२० मध्ये कॅनडात सुरू झाली आणि बघता बघता अमेरिकेत पसरली. साहेबांच्या बदकांनी उंदीरमामांना कधीच झाकून टाकलंय. समोरून येणाऱ्या प्रत्येक जीपला ते स्टिअरिंगवरून बोटं उचलून सलाम करतात. पुण्यातल्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

हवेचं शास्त्र ते कुठेही सांगू शकतात. सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायात त्यांनी ते सांगितलेलं आहे. रँग्लरच्या टायरमध्ये रस्त्यावर साधारण ३५ ते ३७ पीएसआय हवा लागते. डोंगरातल्या खडकाळ वाटेवर ती १५ ते १८ वर आणायची. टायर मऊ पडतो, जमिनीला टेकणारा भाग वाढतो, दगडाला धरून राहतो आणि आत बसलेल्यांची हाडं जागच्या जागी राहतात. हा भाग रुंदीला वाढतो असं लोकांना वाटतं. तो मुख्यतः लांबीला वाढतो. हे वाक्य साहेब जरा आवाज चढवून म्हणतात. हवा फारच उतरवली तर टायर रिममधून निसटतो. वाट संपली की कॉम्प्रेसर लावून चारही चाकं पुन्हा भरायची, मगच हायवे. शास्त्र पक्कं आहे. अडचण एवढीच, की ते डोक्यात शिरल्यापासून साहेबांच्या जगात दुसरं माप उरलेलं नाही.

वहिनींच्या कुकरची शिट्टीसुद्धा साधारण १५ पीएसआयलाच होते, हा शोध त्यांना लागला त्या दिवशी घरात वरणभात तासभर उशिरा झाला. फुटबॉलमध्ये फिफाच्या नियमाने ८.५ ते १५.६ चालते, म्हणून मुलाच्या मॅचआधी ते स्वतःचं गेज घेऊन मैदानात उतरले. रेफरीने त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. डॉक्टरांनी वरचा रक्तदाब १४० सांगितला. साहेबांनी पाऱ्याच्या मिलिमीटरांचं गणित तिथेच केलं. जेमतेम पावणेतीन पीएसआय! "एवढ्या हवेवर गाडी गॅरेजबाहेर निघायची नाही," असं डॉक्टरांनाच सुनावून ते निघाले. गोळ्या वहिनींनी आणल्या.

२०२४ च्या डिसेंबरअखेर रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी वाळूत रुतली आणि शेवटी बैलगाडीला बांधून ओढून काढावी लागली. तो व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर दिवसभर फिरला, लोक हसून लोळले. साहेब एकटे गंभीर. संध्याकाळी त्यांचं एकच वाक्य आलं, "आधी हवा काढायला हवी होती." कुणीतरी विचारलं, बैलांची?

त्यांचं पंढरपूर म्हणजे रुबिकॉन. सिएरा नेवाडात, एल्डोराडो राष्ट्रीय वनातून लेक टाहोकडे उतरणारी सुमारे २२ मैलांची वाट. १९५३ पासून उन्हाळ्यात तिथे जीपवाल्यांचा मोठा मेळा भरत आलाय, आणि जीप कंपनीने २००३ मध्ये आपल्या सगळ्यात दणकट रँग्लरला याच वाटेचं नाव दिलं. वाट म्हणायची ती रीत म्हणून. ग्रॅनाइटचे फ्रिजएवढे धोंडे, त्यावर चाक चढवायचं, अलगद उतरवायचं, पुन्हा चढवायचं. बावीस मैलांना लोक सहसा दोन दिवस घेतात. पन्नास हजार डॉलरांच्या वरची गाडी, आणि पाठीवर सॅक घेतलेली एखादी आजीबाई तिला मागे टाकून पुढे जाते. साहेबांना यात कमीपणा वाटत नाही. ते आजीबाईंना बदक देतात.

धोंड्यांपाशी कुणीतरी खाली उतरून हातवाऱ्यांनी चाकं कुठे टाकायची ते दाखवावं लागतं. हे काम वहिनींकडे. ड्रायव्हरने अशा वेळी एकाच माणसाचं ऐकायचं आणि उलट बोलायचं नाही, हा इथला नियम. त्यांच्या संसारात वहिनींनी डावीकडे म्हटल्यावर साहेब मुकाट्याने डावीकडे गेले असतील, तर ते फक्त एल्डोराडो वनात.

पण वाटेला लागण्याआधी हवा. सोबत आलेली नवखी मंडळी पहाटे निघालेली, चहासाठी जीव टाकत असतात. साहेब गुडघ्यावर बसून एकेका चाकाची टोपी काढतात, फुस्स, गेज, पुन्हा फुस्स, पुन्हा गेज. सतरा झाली. साडेसोळा हवी होती. आता अर्धा पीएसआय काढायचा की राहू द्यायचा, यावर चर्चा.

फोनवरच्या अ‍ॅपवर त्यांचा विश्वास नाही. ते सरकारी नकाशा बाळगतात. अमेरिकेच्या वनसेवेने २००५ च्या नियमाने ठरवलं, की राष्ट्रीय वनात कुठल्या वाटेवर कुठली गाडी चालेल ते नकाशावर छापायचं. नकाशात जी वाट नाही तिथे मोटार न्यायची नाही. हा नकाशा फुकट मिळतो आणि दिसायला अत्यंत रुक्ष असतो. काळ्या-पांढऱ्या रेघा आणि आकडे, डोंगराची उंची नाही की पाण्याची निळाई नाही. साहेब तो पंचांगासारखा वाचतात. आणि कुणी राष्ट्रीय वनाला चुकून राष्ट्रीय उद्यान म्हटलं, तर गाडी थांबवून फरक सांगतात. उद्यानं इथल्या इंटीरियर खात्याकडे. वनं कृषी खात्याकडे, तिथे लाकूडतोडही चालते, गुरंही चरतात, शिकारही होते आणि ठरलेल्या वाटांवर जीपही चालते. अशी १५४ राष्ट्रीय वनं. गवताळ प्रदेश धरून जमीन १९ कोटी ३० लाख एकर, म्हणजे अडीच महाराष्ट्र.

ते खरे चिडतात ते एकाच गोष्टीवर. बर्फ वितळताना वाटेत चिखल होतो. तो चुकवायला लोक शेजारच्या कुरणात गाडी घालतात. मागचा त्याच्याही बाहेरून घालतो. उंचावरच्या ओल्या कुरणात उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षं बुजत नाही. अशा एका पोराला साहेबांनी अडवलं आणि इंग्रजी अपुरं पडल्यावर मराठीत झापलं. पोरगा निमूट मागे फिरला. त्या पाच मिनिटांत साहेबांनी त्याला हवा किती आहे हे विचारलं नव्हतं, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखावं.

एका उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे साहेबांचे वडील, कराडहून आले होते. पाटण-हेळवाकच्या पट्ट्यात कृषी खात्याची जीप चालवण्यात त्यांची नोकरी गेली. महिंद्राची जीप, म्हणजे मुळात अमेरिकन विलीजच, १९४७ पासून मुंबईत जुळवली जाऊ लागलेली. ट्रेलच्या तोंडाशी साहेब चौथ्या चाकाशी बसले होते. अण्णा बराच वेळ बघत राहिले. "आमास्नी हवा भराय पंप गावत नव्हता, अन् ह्यो काढून टाकतुया." मग नातवाने त्यांना ढालीच्या आकाराच्या पाटीवरची अक्षरं वाचून दाखवली: वनसेवा, अमेरिकेचं कृषी खातं. अण्णांचा चेहरा उजळला. "म्हंजी आपलंच खातं की! लॉगबुक भरलंस का रं?"

शेजारी एक जण ट्रेलरवरून रॉक्सर उतरवत होता. ही महिंद्राचीच, २०१८ पासून मिशिगनमध्ये बनू लागली आणि हायवेवर चालवायची नाही या अटीवर विकली गेली. तिचा तोंडवळा जीपसारखा आहे म्हणून जीपची तेव्हाची मालक असलेल्या फियाट क्रायस्लरने तक्रार केली, २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरुद्ध गेला आणि गाडीला चेहरा बदलावा लागला. साहेब तिच्याकडे गावाकडच्या गरीब नातेवाइकाकडे बघावं तसे बघतात. अण्णांना दावा-बिवा काही माहीत नव्हतं. त्यांनी तिच्या मडगार्डवर हात ठेवला आणि मालकाला सांगितलं, "ही आपली म्हिंद्रा." मालकाने बॉनेट उघडलं. मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत दोघं अर्धा तास डिझेल इंजिनात डोकं घालून बोलत होते. साहेब आपली बदकांची जीप सोडून दोघांचे चहाचे कप धरून उभे होते.

अण्णा आता नाहीत. साहेबांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात हल्ली एक लॉगबुक असतं. तारीख, निघाल्याचे मैल, परतीचे मैल, आणि शेवटच्या रकान्यात हवा.

नकाशातली रेघ साहेब कधीच का सोडत नाहीत, यालाही कारण आहे. या देशात ते एच-वन व्हिसावर आले आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहिले. भारतीयांची ती रांग दहा-दहा वर्षांहून लांब जाते. नोकरी बदलायची तर वकील, आईला भेटायला जायचं तर शिक्का, परत येताना विमानतळावर पोटात गोळा. कुणी काही विचारत नाही अशी जागा त्यांना वनात सापडली. फाटकावर पहारेकरी नसतो, बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, आणि परवानगी आहे की नाही ते एका फुकट कागदावर स्पष्ट छापलेलं असतं. इतकी सोपी अट या देशाने त्यांना दुसरीकडे कुठेच घातली नव्हती. २०२१ मध्ये ती जागाही काही काळ मिटली. काल्डोरचा वणवा एल्डोराडोत लाखो एकर जाळत गेला, ऑगस्टअखेर कॅलिफोर्नियातली जवळजवळ सगळी राष्ट्रीय वनं काही दिवस लोकांना बंद झाली. त्या दिवसांत साहेब मंडळात आले, पण कुणालाच हवा विचारली नाही. लोकांना चुकल्यासारखं झालं.

या वाटा राखायला वनसेवेची माणसं पुरत नाहीत. पडलेली झाडं कापणं, वाहून गेलेल्या कडा दगडांनी बांधणं, कुरणांना कुंपण घालणं, दुसऱ्यांनी टाकलेला कचरा पोत्यांत भरणं, हे बरंचसं काम स्वयंसेवकांचे गट करतात. साहेब दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला जातात आणि मंडळाच्या ग्रुपवर आठवडाभर आधी निरोप टाकतात. निरोपाखाली अंगठे पुष्कळ उमटतात. येत कुणी नाही. हातमोजे आणि पोती तिथे मिळतात, जेवण वहिनी देतात, जीपमध्ये मागे तीन जणांची जागा आहे. या वर्षी निरोप आला, तर अंगठा राहू द्या आणि गाडीत बसा.