जोतिबाच्या डोंगरावर अडकलेली डिकी : शास्त्रोक्त मार्गदर्शन

हे मार्गदर्शन जुन्या, पण एकेकाळी फार महाग असलेल्या गाडीच्या मालकांसाठी आहे. ज्यांची गाडी नवी आहे त्यांनी डिकी अडकल्यास कंपनीला फोन लावावा आणि माणूस डोंगर चढून येईपर्यंत प्रसादाचं खोबरं खात बसावं. ज्यांची गाडी साधी आहे त्यांना मार्गदर्शनाची गरजच नाही. साध्या गाडीची डिकी उघडेना की मालक झाकणावर हात मारतो, डिकी उघडते, मंडळी दर्शनाला जातात. खरा पेच तिसऱ्या वर्गाचा. हात मारला तर काम होईल हे त्याच्याही मनात येऊन गेलेलं असतं. पण जिच्या नाकावर तीन टोकांचा तारा आहे तिला चारचौघांत थापटायचं कसं? म्हणून तो आधी, जर्मनीत अशा वेळी काय करत असतील, याचा विचार करतो. तिथून पुढे सगळं बिघडत जातं.

नमुन्यादाखल मर्सिडीजची डब्ल्यू १२४ घेऊ. ही गाडी जगासमोर आली १९८४ मध्ये. आपल्याकडे ती १९९५ मध्ये पिंपरीला, टेल्कोच्या सोबतीनं तयार होऊ लागली आणि त्याच वर्षी जर्मनीत तिच्या जागी नवं मॉडेल आलं. तिकडे निरोपसमारंभ, इकडे बारसं. आता ती तिसऱ्या नाहीतर चौथ्या मालकाकडे आहे असं धरू. आरसीची पहिली पंधरा वर्षं केव्हाच संपली, दर पाच वर्षांचं नूतनीकरण चालू आहे, आणि हा मालक श्रद्धाळू आहे. नंबर एमएच बारा. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण एमएच नऊच्या मुलखात पुण्याच्या नंबराची महाग गाडी अडली की मदतीचा ओघ दुप्पट होतो.

स्थळ वाडी रत्नागिरी, म्हणजे जोतिबाचा डोंगर. कोल्हापूरहून केर्लीमार्गे वर. वार अर्थात रविवार. माघी पौर्णिमेनंतरचे खेट्यांचे रविवार या प्रयोगाला फार अनुकूल, कारण पहाटे कोल्हापुरातून अनवाणी निघालेली पोरं दर्शन उरकून, पाय मोकळे करत, करमणुकीच्या शोधात उभी असतात. चैत्र पौर्णिमेला मात्र हा प्रयोग करू नये. त्या दिवशी सासनकाठ्या, पालखी, गुलाल आणि लाखांची गर्दी यांत डिकी राहू द्या, गाडीच सापडायची नाही.

आता साहित्य. डिकीच्या आत : पुरणपोळीच्या नैवेद्याचा डबा, पाच नारळ, खोबऱ्याच्या वाट्या, दवण्याची जुडी, आत्याबाईंच्या औषधांची पिशवी, जॅक, पाना, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड. डिकीच्या बाहेर : तुम्ही, किल्ली आणि जमाव. उघडायची सगळी हत्यारं डिकीतच आहेत हे लक्षात आल्यावर काही मालक हसतात. तसं करू नये, घरची मंडळी बघत असतात.

विधीला सुरुवात किल्ली निरखण्यापासून करावी. या जातीच्या गाड्यांबरोबर दोन प्रकारच्या किल्ल्या मिळत. एक मालकाची, तिनं सगळं उघडतं. दुसरी हॉटेलच्या दारात गाडी लावायला देण्याची. तिनं दारं उघडतात, गाडी चालू होते, पण डिकी आणि पुढचा कप्पा उघडत नाही. मालकाच्या अनुपस्थितीत कोणी सामानाला हात लावू नये, एवढाच हेतू. तीस वर्षांत, चार मालकांच्या हातांतून फिरताना पहिली किल्ली हरवते आणि दुसरीच तेवढी उरते, असं पुष्कळदा होतं. नवा मालक ती अस्सल समजून देव्हाऱ्यात ठेवतो. तेव्हा घामाघूम होण्यापूर्वी एवढं तपासा की ही किल्ली डिकीत आजवर कधी फिरली आहे का. नसेल, तर कुलूप चोख काम करतंय. ते तुम्हाला हॉटेलचा नोकर समजतंय.

किल्ली बरोबर असेल तर दुसरी पायरी ऐकण्याची. या गाडीचं सेंट्रल लॉकिंग विजेच्या मोटरीनं दारोदार चालत नाही, हवेवर चालतं. मागच्या सीटखाली एक छोटा पंप असतो, तो बारीक रबरी नळ्यांतून हवा ढकलतो किंवा ओढतो, आणि दारांत, पेट्रोलच्या झाकणात, डिकीत बसवलेले पडदे त्या हवेवर पुढे-मागे होऊन कुलपं उघडझाप करतात. धडधाकट पंप क्षणभर घुर्र करून गप्प होतो. कुठे नळी तडकली किंवा पडदा फाटला असेल तर तो घुरघुरतच राहतो आणि शेवटी स्वतःच हात टेकतो. डिकीकडे जाणारी नळी बिजागरीजवळून वळते. झाकण हजारो वेळा उघडताना-मिटताना ती तिथेच चुरते. म्हणून ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप फिरवावं, मागच्या सीटला कान लावावा आणि घरच्यांना गप्प बसायला सांगावं. यातली शेवटची कृती सर्वांत अवघड.

पंप ठीक, किल्ली ठीक, तरी किल्ली अर्ध्यात अडते? मग आपण मूळ कारणापाशी आलो. गुलाल.

जोतिबाचा गुलाल हा काही कपाळावर चिमूटभर लावायचा प्रकार नाही. तो मुठीनं, पोत्यानं उधळला जातो. रस्ता, पायऱ्या, दीपमाळा, माणसं, सगळं त्याच रंगाचं होतं. शिखराच्या दगडांत तो मुरलाय, तिथे जर्मन कुलपाची काय कथा? गाडीच्या कुलपात पातळ पट्ट्यांची एक रांग असते. प्रत्येक पट्टीला स्प्रिंग असते. योग्य किल्लीच्या दात्यांनी सगळ्या पट्ट्या एका पातळीत आल्या की आतला दंडगोल फिरतो. एक पट्टी जरी वर अडकून राहिली तरी फिरत नाही. गेल्या वर्षीचा गुलाल पावसाळ्यात ओला झाला, उन्हाळ्यात वाळला, त्यावर या वर्षीचा बसला. पट्ट्यांच्या खाचांत आता त्याची वडी थापलेली आहे.

इथवर तुम्ही एकटे होता. आता जमाव बोलू लागतो.

"काय ओ पावणं, उघडंना व्हय?"

"त्येल सोडा की वाईच."

"त्येलानं काय हुतंय? पक्कड आणा. जरा सरका, मी बघतो. माझा मेव्हणा उद्यमनगरात लेथवर हाय."

कोल्हापुरात हे शेवटचं वाक्य पदवीच्या जागी चालतं, आणि अगदीच विनाकारण नाही. शिवाजी उद्यमनगरात पिढ्यानपिढ्या लोखंड वितळवून, कातून, इंजिनं बनवून या गावानं यंत्राशी सोयरीक केली आहे. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा बघ्यांत निम्मे जण हात जोडतात आणि उरलेले इंजिनाचा आवाज ऐकतात. त्यामुळे इथला सल्ला अडाण्याचा नसतो. अडचण एवढीच की तो एकाच वेळी अकरा जणांकडून येतो आणि प्रत्येकाला आपलं म्हणणं तुमच्या कुलपावर सिद्ध करायचं असतं.

त्या कोलाहलात दवणा विकणारी एक मावशी टोपलीवरून न उठता म्हणते, "आरं, वरनं दाबा की रं बाबानू. आमच्या टेंपोची फळी अशीच धरती."

या सल्ल्याकडे प्रथेप्रमाणे दुर्लक्ष करावं. तो फुकट आहे, बाईनं दिलेला आहे आणि त्यात एकही हत्यार लागत नाही.

निषिद्ध गोष्टी मात्र आत्ताच सांगून ठेवतो, कारण पक्कड येऊ घातली आहे. किल्लीला पक्कड लावू नये. कुलपाच्या पट्ट्या फिरायला तयार नसताना बाहेरून पीळ दिला तर फिरते ती फक्त किल्ली, आणि तीही आपल्याच कमरेत. मग अर्धी हातात, अर्धी कुलपात, आणि किल्लीवाला कोल्हापुरात. तेल घालू नये. गुलाल आणि तेल यांचं जे लोणी होतं ते आज कदाचित किल्ली फिरवून देईल, पण पुढच्या रविवारी उडणारा प्रत्येक कण धरून ठेवेल. खोबरेल तर मुळीच नको. माघातल्या पहाटे डोंगरावर ते बाटलीतच गोठलेलं असतं, कुलपात काय वेगळं करणार? पाणी ओतू नये. आणि देवासाठी म्हणून आणलेल्या पंचामृताच्या तांब्याकडे कोणाची नजर वळत असेल तर तांब्या आत्याबाईंच्या ताब्यात द्यावा.

सर्वांत कडक मनाई पुढच्या कल्पनेला. लेथवाल्याचा मेव्हणा ती हमखास मांडतो : मागची सीट काढू, पत्रा कापू, आतून हात घालू. इतर गाड्यांत सीट पाडून डिकीत शिरता येतं, म्हणून ही युक्ती ऐकायला शहाणपणाची वाटते. डब्ल्यू १२४ मध्ये मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीच्या अलीकडे, उभी आहे इंधनाची टाकी. मापानं ७० लिटर. टक्कर झाली तरी टाकी चाकांच्या मध्ये सुरक्षित राहावी म्हणून ती तिथे ठेवलेली आहे. तिच्यावर ग्राइंडर चालवून नैवेद्याचा डबा बाहेर काढायचा बेत असेल तर आधी घाट उतरून जाऊन विम्याचे कागद वाचावेत.

याच सुमारास कोणी माहितगार तरुण सांगतो की परदेशात डिकीला आतूनच खिट्टी असते. खरं आहे. सप्टेंबर २००१ पासून अमेरिकेसाठी बनणाऱ्या नव्या गाड्यांच्या बंद डिकीत, अंधारातही दिसेल अशी, आतून ओढायची दांडी सक्तीची आहे. आत कोंडलेल्या माणसाला सुटता यावं म्हणून. आपली गाडी त्याच्या आधीची, आणि आत कोंडलेल्या पुरणपोळ्यांना ओढाओढीची सवय नाही. तरुणाचे आभार मानून पुढे जावं.

आता खरा उपाय : हवा. गाडी हळूहळू खालच्या पंक्चरवाल्याकडे न्यावी. जमाव आपोआप मागे येतो. काँप्रेसरच्या नळीचं तोंड किल्लीच्या भोकाला अगदी टेकवायचं नाही, बोटभर अंतरावर आणि जरा तिरकं धरायचं, म्हणजे आत गेलेल्या हवेला बाहेर यायला वाट राहते. डोळे मिटावेत, तोंड फिरवावं. ही सूचना जमावालाही द्यावी. जमाव ती ऐकत नाही, उलट नीट दिसावं म्हणून अकरा जण एकदम भोकात डोकावतात. पंक्चरवाला चाप दाबतो. फस्सकन सगळा साठा एका दमात बाहेर येतो : आधी ताजा, गुलाबी, मागून जुना, काळपट, खड्यांसकट. लेथवाल्याच्या मेव्हण्याच्या मिशा, माहितगार तरुणाचा चष्मा, तुमच्यासोबत आलेल्या जावयाचा पांढरा शर्ट, काही सुटत नाही. क्षणभर शांतता. मग मागून कोणीतरी सवयीनं ओरडतं, "जोतिबाच्या नावानं!" आणि सगळे, तोंडातला गुलाल थुंकत, "चांगभलं!"

हे तीन-चार वेळा करावं. फवाऱ्याचा रंग संपला की किल्लीवर शिसपेन्सिल घासावी, मऊ टू बी असेल तर उत्तम; खेट्याला आलेल्या शाळकरी पोराच्या दप्तरात सापडते. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट. ते कोरडं असून घसरतं, म्हणून पट्ट्या मोकळ्या करतं आणि धूळ धरत नाही. दाते काळे होईपर्यंत घासायचं, किल्ली आत-बाहेर करायची, पुन्हा घासायचं. जोर लावायचा नाही. थोड्या वेळानं किल्ली सुखानं फिरते.

किल्ली फिरली, आणि डिकी तरीही उघडली नाही.

इथे बरेच मालक खाली बसतात. बसू नये. कुलूप सुटलंय, अडलीय ती कडी. पाच नारळ आणि डबा कोंबून झाकण दाबून लावलं होतं. घाटाच्या वळणांवर सामान सरकून वर आलं आणि आतून झाकणाला रेटा देतंय. त्या रेट्यानं कडीचा आकडा खालच्या खुंटीवर ताणून बसलाय. ताण सोडवायचा तर झाकण उचलायचं नसतं, त्याच्या उलट करायचं असतं. एकानं कुलपाच्या बरोबर वर दोन्ही तळवे ठेवून झाकण खाली दाबायचं, आणि त्याच वेळी दुसऱ्यानं किल्ली फिरवून बटण आत रेटायचं. वरनं दाबायचं. दवणेवाल्या मावशीनं तासाभरापूर्वी सांगितलं तेच. हे तिला कळू देऊ नये, विचारलंच तर थाप मारावी, आणि थाप मारायचीच आहे तर एक डिकीवरही मारून घ्यावी. गुलालात गाडी ओळखू येत नाही, तारा कोणाला दिसतोय?

उघडल्यावर पहिला हात नैवेद्याच्या डब्याला. दुसरी गोष्ट, किल्ली खिशात. नारळ उचलताना ती डिकीतच ठेवून द्यायचा मोह फार बलवान असतो. तिसरी, झाकण लावू नये. सुतळीनं बांधून तसंच कोल्हापूर गाठावं आणि कडी, खुंटी, नळी जाणत्या माणसाकडून नीट करून घ्यावी, नाहीतर त्याच्याकडे दर रविवारी खेटे घालावे लागतील. अर्थात तुम्ही सुतळी शोधायला वळाल तेवढ्यात लेथवाल्याचा मेव्हणा मिशा झटकत पुढे सरसावेल आणि म्हणेल, "थांबा, बसतीया का बघूया." त्याला अडवायला घरातलं एखादं वजनदार माणूस आधीच झाकणाखाली उभं करून ठेवावं. आत्याबाई चालतील, त्यांच्या औषधांची पिशवी अजून आतच आहे.