दारातले सेन्योर

लिस्बनमध्ये रॉसिउ चौकाजवळ 'रुआ दाश पोर्ताश द सांतु आंतांव' नावाचा एक रस्ता आहे. गाड्यांना बंदी, माणसांना आग्रह. हे नाव नीट उच्चारून होईपर्यंत आपण निम्मा रस्ता चालून गेलेलो असतो आणि तेवढ्यात सेन्योर आपल्याला गाठतात.

सेन्योर म्हणजे माशांच्या 'पारंपरिक' हॉटेलाच्या दारात उभे असलेले गृहस्थ. पांढरा शर्ट, काळं जाकीट, सुटलेलं पोट आणि काखेत प्लॅस्टिक चढवलेलं मेनूकार्ड. त्यावर प्रत्येक पदार्थाचा फोटो, आणि उन्हानं प्रत्येक फोटो निळसर पडलेला. असे सेन्योर कास्काइशला भेटतात, अल्गार्वच्या किनाऱ्यावर अल्बुफेइराला तर चुकवू म्हटलं तरी चुकत नाहीत. सगळ्यांचा मासा 'आत्ताच' आलेला असतो.

माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारा नाही. पायमोज्यांवर सॅंडल दिसली की त्यांचं जर्मन सुरू होतं. डोक्यावर टूर कंपनीची टोपी आणि चौघांत मिळून पाण्याची एक बाटली दिसली की, "नमस्ते! शाहरुख खान! व्हेजिटेरियन ऑल्सो!" हल्ली तर तेवढेही कष्ट नाहीत. मदतीला नेपाळचा नाहीतर बांगलादेशचा एखादा पोरगा असतो. तो नुसतं "आइये भाईसाब" म्हणतो, आणि अस्सल पोर्तुगीज परंपरेच्या शोधात पाच हजार मैल आलेले आपण त्या दोन शब्दांवर विरघळून आत जाऊन बसतो.

बसलो की टेबलावर पाव येतो. ऑलिव्ह येतात, लोणी येतं, सार्डिनच्या पेस्टच्या इवल्याशा डब्या येतात. सेन्योर खुशीत असले तर चीजसुद्धा. मागितलेलं यातलं काहीच नसतं. आपण एकमेकांकडे बघून म्हणतो, काय अगत्य आहे हो या लोकांत! या अगत्याला तिकडे 'कुव्हेर' म्हणतात आणि बिलात त्याची ओळ असते. न मागितलेल्या आणि हात न लावलेल्या कुव्हेरचे पैसे घेता येत नाहीत, असं पोर्तुगालच्या 2015 च्या कायद्यात स्पष्ट आहे. सेन्योरांना हे तोंडपाठ असतं. म्हणूनच ते पाव ठेवून निघून जातात आणि पुढचा अर्धा तास मासा काही येऊ देत नाहीत. सकाळपासून चढउतार करून दमलेला माणूस पावाकडे नुसता बघणार तरी किती वेळ?

मग बर्फाचं तबक येतं. त्यावर रोबालु, दोराडा, एखादा खेकडा आणि मधोमध लॉब्स्टर. सेन्योर एकेकाची नावानिशी ओळख करून देतात, नातवाचं कौतुक करावं तसा माशाच्या पाठीवरून हात फिरवतात. मेनूत भाव किलोचा असतो. समोरचा मासा किती किलोचा, हे ते सांगत नाहीत आणि आपण विचारत नाही. परदेशात, चार माणसांत, पांढऱ्या टेबलक्लॉथसमोर वजन विचारायचं म्हणजे घराण्याला बट्टा! घरी कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी वाद घालणारा माणूस इथं साठ युरो किलोच्या माशाला मान डोलावतो. मासा सव्वा किलोचा निघाला की पंचाहत्तर युरो झाले. हा सगळा धंदा समुद्रापेक्षा आपल्या संकोचावर जास्त चालतो, असं माझं मत आहे. 'मेया दोज' म्हणजे अर्धी प्लेटही मिळते आणि पूर्ण प्लेट बऱ्याच ठिकाणी दोघांना पुरते, हा विषय निघाला की सेन्योरांना नेमकं ऐकू येईनासं होतं.

सार्डिनचंही तसंच. ती खावी उन्हाळ्यात, अंगावर चरबी चढलेली असताना. जूनमध्ये सांतु आंतोनिउच्या सणाच्या रात्री गल्लोगल्ली शेगड्या पेटतात आणि अख्खं लिस्बन धुरात उभं राहून सार्डिन खातं. नाताळच्या सुट्टीत गेलेल्याला सेन्योर तीच सार्डिन 'फ्रेश' म्हणून सांगतात. फ्रीझरमधून आत्ताच बाहेर आली, या अर्थानं ते खोटंही नसतं.

अशा एका सेन्योरांना मी हरताना पाहिलं आहे. समोर मालवणच्या एक काकू होत्या. तबक आलं तशा त्यांनी चष्मा वर केला, वरच्या माशाच्या पोटात अंगठा दाबला, कल्ला उचलून आत पाहिलं आणि तो बाजूला सारला. "ह्यो नको, तो खालचो दी." सेन्योरांना शब्द कळला नाही, पण कल्ल्यात बोट घालणारं माणूस कळलं. चेहऱ्यावरचं टुरिस्टांसाठीचं हसू उतरलं. खालचा मासा निघाला, काट्यावर चढला, आकडा काकूंना दाखवण्यात आला. पाव परत गेला तो वेगळाच.

मासा भाजून आला तेव्हा मात्र काकू हादरल्या. जाडं मीठ, कोळशाचा धूर, वर ऑलिव्हचं तेल आणि शेजारी उकडलेले बटाटे. "हळद नाय, तिखट नाय. ह्या आजाऱ्याचा जेवाण!" बरोबरच आहे. ज्यांच्या गलबतांतून मिरची आपल्याकडे आली, त्यांनी स्वतःच्या माशाला तिचा वारासुद्धा लागू दिला नाही. सेन्योरांनी धावत जाऊन पिरी-पिरीची बाटली आणली. काकूंनी ती उघडली, हुंगली, आणि न ओतताच बाजूला ठेवली. मग त्या मासा शेवटच्या काट्यापर्यंत स्वच्छ करून उठल्या. मासा ताजा होता, हे सेन्योरांच्या वतीनं सांगायलाच हवं.

त्यांच्या वतीनं आणखीही थोडं. पोर्तुगालमध्ये 2025 साली किमान वेतन महिन्याला 870 युरो होतं. लॉब्स्टर मागवणारी दोन-तीन टेबलं तेवढं बिल एका दुपारी करून उठतात. सेन्योर ते बिल दोन्ही हातांनी आणून देतात आणि लिस्बनच्या वाढत्या घरभाड्याचा हिशेब करत पुन्हा दारात जाऊन उभे राहतात. दुपारची गर्दी ओसरली की ते जेवायला जातात ते मागच्या गल्लीतल्या एखाद्या बारक्या खानावळीत. तिथं फोटोचा मेनू नसतो. आजचा पदार्थ कागदावर हातानं लिहून काचेला चिकटवलेला असतो, आणि दहा-बारा युरोंत पोट भरतं.

तेव्हा लिस्बनला गेलात तर पाव नको असेल तेव्हा बसताक्षणी परत पाठवा. मासा काट्यावर ठेवायला सांगा, लाजू नका. बिलावरून वाद झालाच तर तक्रारवही मागा. ती ठेवणं प्रत्येक हॉटेलाला बंधनकारक आहे आणि तिचं नाव काढताच बेरीज झटकन दुरुस्त होते. आणि निघताना सेन्योरांना एवढं जरूर विचारा, "तुम्ही स्वतः कुठं जेवता?" विचारलं तर सांगतात.