साहेब, तास चालूच आहे

बीड जिल्ह्यात एखादा गृहस्थ तुमचं सीताफळ खाऊन होईपर्यंत समोर ताटकळत उभा राहिला, तर तो जिल्हा परिषद शाळेत खेळातून गणित शिकवणारा गुरुजी समजावा. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं यांना काही नाही. जीव सगळा बियांत. दहा बिया काडेपेटीत भरल्या की झाला दशक.

घरातली तूर, शर्टाची बटणं, बाटल्यांची झाकणं एकेक करून शाळेला लागतात. बायको शाळेकडं देणगीदारांच्या फलकावर आपलं नाव मागते. व्हरांड्यात ऑइलपेंटनं रंगवलेली सापशिडी; नव्व्याण्णवच्या सापाचं तोंड बरोबर मुख्याध्यापकांच्या दाराशी. योगायोग म्हणे!

२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ आलं आणि पारापारावर वाद पेटला. गुरुजींनी दोन नावांचे दोन संघ पाडून कबड्डी लावली. वाद मिटला नाही, पण गडी बाद होता होता वजाबाकी पक्की झाली.

केंद्रप्रमुख आले तेव्हा वर्गात बाजार भरलेला. “गणिताचा तास कधी?” “साहेब, तास चालूच आहे.” साहेबांनी खोट्या नोटेनं पाव किलो भेंडी घेतली, उरलेले पैसे न मोजता खिशात टाकले. तिसरीतली दुकानदारीण म्हणाली, “साहेब, मी तुम्हाला दोन रुपये कमी दिलेत. बघत होते, कळतंय का.”

दसऱ्यानंतर मात्र पट रोडावतो. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याकडं निघतात, सोबत पोरंही. उरलेली आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात. उन्हाळ्याच्या तोंडाला परतलेल्या एका पोरानं यंदा गुरुजींना नवा खेळ शिकवला. तो मुकादम, गुरुजी अर्धा कोयता म्हणजे जोडीविना एकटा मजूर, एक बी म्हणजे एक टन ऊस. गुरुजींनी हौसेनं भरपूर उचल घेतली. मग दोनदा चहाला गेले, ते खाडे. पट्टी पडली तेव्हा गुरुजींनी हिशेब तीनदा तपासला. एकही चूक सापडेना, आणि फिटलेल्यापेक्षा देणंच जास्त.

मुकादमानं बिया आवरल्या. “राहू द्या सर. पुढच्या साली परत यायचं.”